टोला पडला की खरं

"काकू, आज गोष्ट नको. आज फक्त टोला द्या आणि ही चिठ्ठी वाचा," पाखरे बाई म्हणाल्या.

मी भैरोबाच्या देवळाच्या पायरीवर बसले होते, भोंग्याचा माईक मांडीवर घेऊन. बाई खाली सहा हात लांब उभ्या. तोंडाला मास्क, नुसते डोळे दिसत होते. ते डोळे माझ्याकडं बघत नव्हते, वर पठारावरच्या पवनचक्क्यांकडं बघत होते. हे मला आत्ता आठवतं. तेव्हा मी आपली चिठ्ठीची घडी उलगडत होते.

"आवं, पर म्हैस अजून अधांतरी हाय. कऱ्हाडच्या वर. पोरं वाट बघत असतील."

"म्हैस उद्या उतरवा."

"तवर धार कुणी काढायची तिची?"

एरवी बाई असल्यावर खदाखदा हसायच्या. त्या दिवशी हसल्या न्हाईत. म्हटलं चढ चढून दमली असेल लेक.

म्हशीचं सांगते, न्हाईतर तुम्ही पण अधांतरी राहाल. पठारावरच्या पवनचक्कीच्या पात्यात आमच्या बजाबाची म्हैस अडकली, पात्यानं तिला गरगर फिरवली आन् दिली भिरकावून. ती कऱ्हाडवरनं उडत उडत पार समुद्रापर्यंत गेली आन् आठ दिवसांनी परत आली ती दूध खारट द्यायला लागली. आता ह्यात खोटं काय हाय? म्हैस होती, पवनचक्की होती, बजाबा तर अजून हाय. मधलं तेवढं मी जोडलं. अशा थापा मी जन्मभर मारल्या. आमच्या करंजाळवाडीत शेंबड्या पोराला विचारा, हौसाकाकू काय म्हणाली, तर आधी हसेल मग सांगेल.

वाडी बावीस उंबऱ्यांची. शाळा एका खोलीची, पोरं अकरा, बाई एक. त्या शाळेत मी सतरा वर्षं पोरांची खिचडी शिजवली. त्या रोगानं शाळेला कुलूप लागलं आन् माझी चूल पण थंड झाली. पाखरे बाईंनी पोरांच्या घरच्यांचा मोबाईलवर ग्रुप काढला. आता वाडीत बोटानं सरकवायचे फोन तीन. रेंज फक्त पठाराच्या कडेच्या करंजाखाली, ती पण दगडावर उभं राहून तिसऱ्या पवनचक्कीकडं तोंड केलं तर. सोमवारचा अभ्यास शुक्रवारी कळायचा, सगळे निरोप एकदम, गारा पडाव्या तसे.

बाई स्कूटी पायथ्याला लावून चालत वर आल्या. अंगणाबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "काकू, निरोपच पोचत नाहीत हो. पोरं सुटली माझ्या हातातून."

मी म्हटलं, "देवळाला भोंगा हाय. माझ्या तोंडाला रेंज लागत न्हाई."

तिथनं ते सुरू झालं. रोज सकाळी आठला मी भोंग्यावर. आधी पोरांसाठी गोष्ट, मग बाईंचे निरोप. पहिल्याच आठवड्यात निरोप होता, खिचडीचे तांदूळ आन् मूग घरी न्यायला शाळेत या. मी गळा फाडून सांगितलं. बाई अकरा पिशव्या भरून दारात बसल्या दुपारपर्यंत. एक माणूस आलं न्हाई.

मी बजाबाला गाठला. "का रं, तांदूळ नको व्हय तुला?"

"तांदूळ व्हता? खरंच?" तो कपाळावर हात मारून म्हणाला. "आम्हाला वाटलं म्हशीपाठोपाठ आता तांदूळ उडवतीय काकू."

बाईंना हे सांगितलं तर त्या हसता हसता खालीच बसल्या. मग उठल्या आन् शाळेची घंटा सोडून घेऊन आल्या. घंटा म्हणजे काय, रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा आन् ठोकायला एक सळई. ती देवळाच्या तुळईला टांगली.

"काकू, ह्याच्यावर हात ठेवा. टोला दिलात की त्यापुढं खरंच बोलायचं. गोष्ट सांगायची असेल तर टोला द्यायचा नाही."

"आन् टोला दिऊन थाप मारली तर?"

"तर पोरं उपाशी राहतील, दुसरं काय."

माझा हात रुळावर होता. थंडगार लोखंड. मी म्हटलं, "घेतली शपथ."

बया, काय सांगू तुम्हाला! जन्मात पहिल्यांदा लोक माझं ऐकायला लागले. टोला पडला की बायका हातातली भाकरी तव्यावर तशीच ठेवून दारात यायच्या. दुसरीच्या पोरांनी घरातल्या ताटवाट्यांची बेरीज करायची. चौथीनं ओढ्याकाठची पाच झाडं बघून नावं लिहायची. ज्या घरात ताप आहे त्यांनी लपवू नये, बाई गोळ्या आणून देतात. पोराचा अभ्यास झाला नाही तर मारू नका, सगळ्यांचंच अवघड चाललंय. हा शेवटचा निरोप मी दोनदा वाचला, चिठ्ठीत एकदाच होता.

बाई नुसत्या चिठ्ठ्या पाठवून गप बसल्या न्हाईत. बजाबाची जुळी पोरं, संकेत आन् सुमेध. त्यांचा आजा त्या रोगात गेला आन् सुमेध बोलायचाच बंद झाला. बाई आठवड्यातनं तीनदा त्यांच्या कुंपणाबाहेर दगडावर बसायच्या. बोलायच्या न्हाईत, चित्रं काढायच्या. तेविसाव्या दिवशी पोरगं आतनं म्हणालं, "बाई, घोड्याला शेपूट न्हाई काढलं." बजाबा, दगडासारखा माणूस, गोठ्यात जाऊन रडून आला.

माझी नात तनू तेव्हा तिसरीत. तिचे आईबाप कारखान्यावर लांब अडकलेले, ती माझ्यापाशी. बाई आमच्या अंगणात भाकरी खायच्या आन् फोनमधला फोटो लांबनंच दाखवायच्या. त्यांची लेक, ओवी, दोन वर्षांची, तिकडं लातूरकडं सासूजवळ. जिल्ह्याच्या हद्दी बंद, मग उघडल्या तरी नोकरी इथं. एक दिवस करंजाखालनं बोलून आल्या आन् चुलीपाशी नुसत्याच बसून राहिल्या.

"काय झालं गं?"

"मला मावशी म्हणाली, काकू. फोनवर. सासूबाईंना आई म्हणते."

मी उठले आन् सोशल डिस्टन्स का काय ते चुलीत घालून तिला जवळ घेतलं. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तेव्हापासनं मी तिला अगं-तुगंच करायची.

तर ती चिठ्ठी. मी टोला दिला, घुमला चांगला. वाचलं: "सोमवारी सर्व पालकांनी शाळेत यावे. घरअभ्यासाच्या वह्या आणि पुस्तिका मिळणार आहेत. त्यासाठी दोन कागदांवर सही करायची आहे. कोणीही राहू नये."

सोमवारी सगळी आली. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, टेबलावर कागदांचे दोन गठ्ठे. शाईचं पॅड माझ्या हातात, अंगठेवाल्यांसाठी.

बाई हळूच म्हणाल्या, "काकू, तनूची पालक म्हणून पहिली सही तुम्ही करा. म्हणजे बाकीचे करतील."

मी चौथी शिकलेय. सही तर करतेच, पाकिटावरचं, पुडक्यावरचं, भज्याच्या कागदावरचं पण वाचल्याबिगर फेकत न्हाई. त्या दिवशी चष्मा कपाळावर होता, डोळ्यांवर ओढायचा तेवढा राहिला. हौसाबाई शंकर जंगम. एका कागदावर, मग दुसऱ्यावर.

बजाबाचा नंबर आला. तो अडला. "ह्ये दुसरं कशाचं?"

मी बाईंकडं बघितलं.

"त्याचंच आहे," बाई म्हणाल्या. "ऑफिसला एक प्रत लागते."

"पर ह्याच्यावर लई बारीक लिवलंय."

तेव्हा मी बोलले. बाई न्हाई बोलल्या, मी बोलले. "आरं बजाबा, टोला दिलाय न्हवं मी? का परत म्हशीची गोष्ट सांगू? मार अंगठा."

लोक हसले. बजाबा पण हसला. मी त्याचा अंगठा माझ्या हातानं धरून शाईत बुडवला आन् दोन्ही कागदांवर टेकवला. बाकीच्यांनी मग काही विचारलंच न्हाई.

वह्या मिळाल्या बरं का. रंगीत पुस्तिका पण मिळाल्या. त्यात काही खोट न्हाई.

दिवाळीच्या आधी बाईंची बदली झाली. निघताना भेटायला आल्या. मी शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले, ओवीसाठी. त्या पाया पडल्या आन् वाकलेल्याच राहिल्या वाईच जास्त. मी म्हटलं, "अगं ऊठ, लेकीकडं चाललीस, रडतीस काय?" त्या उतार उतरून गेल्या. मी भोंग्यावर जाऊन टोला दिला आन् सांगितलं, पाखरे बाई त्यांच्या लेकीला भेटायला निघाल्यात, नवीन बाई येतील तवर पोरांनी पाढे म्हणावेत.

नवीन बाई आल्या न्हाईत. शाळा उघडल्या म्हणून सगळीकडं बोभाटा झाला. आमची अकरा पोरं न्हाऊनमाखून, तेल लावून दारात उभी. दाराला कुलूप. दहा वाजता खालच्या गावच्या शाळेतले एक गुरुजी धापा टाकत वर आले. भला माणूस होता, घाम पुसत म्हणाला, "ही मुलं इथं का थांबलीत? ह्यांची नावं आमच्या पटावर आहेत. कधीपासून."

"तुमच्या?" बजाबा म्हणाला. "खाली? मधी ओढा हाय, जंगल हाय. साडेचार किलोमीटर पडतंय."

"पण तुम्हीच मागणी केलीत ना?" गुरुजींनी पिशवीतनं कागद काढला. "पालकांची लेखी संमती आहे. वाडीची शाळा बंद करून मुलं खालच्या शाळेत घ्यावीत. सगळ्यांच्या सह्या आहेत." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "पहिली सही, हौसाबाई शंकर जंगम."

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. सगळी माझ्याकडं वळून बघायला लागली, टोला पडल्यावर बघायची तशीच.

बजाबा म्हणाला, "काकू, टोला कुणी दिला व्हता?"

मी चष्मा डोळ्यांवर ओढला. कागद घेतला. सगळा वाचला, बारीक अक्षरांसकट. मग तसाच हातात घेऊन पठार चढले. मागं तनू धावत आली, तिच्याजवळ फोन होता. करंजाखालच्या दगडावर उभी राहिले, तिसऱ्या पवनचक्कीकडं तोंड केलं.

"काकू?" बाईंनी पहिल्या घंटीला उचलला. वाटच बघत असल्यागत.

"कागद वाचला मी आज."

पलीकडं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"अगं, बोल की. टोला न्हाई दिलेला. बोल काय ते."

"तालुक्याचे साहेब म्हणाले, अकरा पोरांची शाळा आज ना उद्या बंद होणारच आहे. पालकांचे कागद तुम्ही आणलेत तर बदलीचं लगेच बघू. काकू, वर्ष झालं होतं मी तिला..."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही टोला दिला नसता."

पवनचक्कीचं पातं फिरत होतं, घूं घूं करत.

"आता आई म्हणती का तुला?" मी विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या. "म्हणते."

मी फोन तनूकडं दिला. खाली आले ती सरळ देवळात. सळई घेतली, टोला दिला, माईक तोंडाशी धरला. "मी हौसा बोलतीय. मला वाचता येतंय. मी कागद वाचला न्हाई. वाचल्याबिगर तुमचे अंगठे मी धरले."

एकाही दारात कुणी आलं न्हाई. बजाबा तेवढा आला, त्यानं भोंग्याचं बटण बंद केलं आन् म्हणाला, "बास, काकू." मग तुळईचा रूळ सोडला, खांद्यावर घेतला आन् माझ्या अंगणात आणून टाकला. सळई नंतर आणून दिली, वेगळी. माझ्या हातात.

तो तालुक्याला अर्ज घेऊन चार खेपा गेला. दर खेपेला त्याला त्याचाच अंगठा दाखवला.

मी भोंग्यावर बोलले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोरं खाली निघाली, तेव्हा मी काठी घेऊन पुढं झाले. कुणी ये म्हटलं न्हाई, जा पण म्हटलं न्हाई. अकरा पोरं आन् मी. ओढ्याच्या अलीकडं मी म्हटलं, "एक होती म्हैस..."

"आजी, गोष्ट नको," संकेत म्हणाला. बापाचाच आवाज.

आठ दिवस आम्ही मुक्यानं गेलो आन् मुक्यानं आलो. नवव्या दिवशी ओढ्यात सुमेधचा पाय घसरला, मी दंडाला धरून वर काढला. तो पोरगा दप्तरातलं पाणी झटकत म्हणाला, "ती समुद्रापर्यंत गेली, तर तिला पोहता येत होतं का?"

पाच वर्षं चालले मी त्यांच्याबरोबर. माझे गुडघे गेले. म्हशीची गोष्ट मात्र कधी संपली न्हाई.

गेल्या उन्हाळ्यात रविवारी अंगणात शेंगा फोडत बसले होते. तनू आठवीची पुस्तकं चाळत होती. उतारावरनं एक बाई आन् एक लहानगी वर आल्या. बाईच्या केसात पांढरं आलं होतं. चाल तीच.

"काकू," पाखरे बाई म्हणाल्या. आन् तिथंच थांबल्या, सहा हात लांब. आता कसला रोग न्हाई तरी.

तनू आत निघून गेली. मी म्हटलं, "या. पाणी घ्या." बाईंनी ओळखलं, मी अहो-जाहो करतेय.

पोरगी धीट होती. शेंगांच्या ढिगापाशी येऊन बसलीच. "तुम्ही म्हैसवाल्या आजी ना? आई रोज सांगते. आई म्हणते, ह्या वाडीतली शाळा सगळ्यात भारी होती. मला बघायचीय. कुठंय शाळा?"

शाळेत आता बजाबाचा कडबा असतो. दार कुणी तरी नेलं.

तनू उंबऱ्यात आली. तिच्या हातात सळई होती. रूळ आमच्या पडवीच्या वाशाला टांगलेला, तिच्या डोक्याच्या उंचीवर. "मी सांगू का कुठं गेली शाळा?" ती म्हणाली. "टोला दिऊन सांगते."

बाईंनी लेकीकडं बघितलं न्हाई, माझ्याकडं बघितलं.

मी उठून तनूच्या हातातनं सळई घेतली. "थांब गं. तुला कुठं येतंय सांगायला." परत येऊन ओवीसमोर बसले. "त्याचं काय झालं, एक दिवस भर दुपारी वारं सुटलं. असलं वारं की तिसरी पवनचक्की वेडी झाली. शाळेच्या पत्र्यात पातं अडकलं आन् उचलली शाळा. फळा, खडू, खिचडीचं पातेलं, सगळ्यासकट. गरगर फिरवली आन् दिली भिरकावून. पडली ती ओढ्यापलीकडं, खालच्या गावात. अजून तिथंच हाय. आमची पोरं रोज तिला शोधत जातात."

ओवीचे डोळे एवढाले झाले. "आणि आई? आई तेव्हा शाळेत होती?"

"तुझी आई? ती पण उडाली. ती हलकी पडली, पार लातूरला गेली."

पोरगी टाळ्या पिटत हसली. मग आईकडं वळली. "आई, खरंच? वाऱ्यानं नेली?"

सळई माझ्या मांडीवर होती. मी ती उचलली आन् बाईंच्या पुढं धरली. तिच्याकडंच बघत होते मी. तिनं हात लांब करून ती घेतली असती तरी पुरलं असतं. वर रूळ होता, खाली तिची लेक होती.

बाईंनी सळईकडं बघितलं. मग लेकीच्या केसावरनं हात फिरवला.

"हो," त्या म्हणाल्या. "वाऱ्यानंच नेली."

मी सळई वाशाच्या खुंटीला अडकवून ठेवली. ओवीच्या ओंजळीत शेंगा घातल्या. त्या दोघी उतार उतरून गेल्या, पोरगी मध्ये मध्ये दोन्ही हात पसरून पवनचक्कीगत फिरत होती.

तनू फणकारली होती. "आजी, तू तिला का वाचवलंस?"

"मी कुठं वाचवलं गं?" मी म्हटलं. "मी तर तिच्या हातात सळई देत होते."